पक्षाघात : रुग्ण घरी आल्यानंतरचे तीन-चार महिने

पक्षाघाताची संप्राप्ती, दोषानुबंधाने होणारे त्याचे भेद आणि त्यावरील कल्प यांविषयी आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्याची पुनरुक्ती करण्याचा आमचा हेतू नाही. आमचा विषय त्यानंतरचा आहे. जळगाव वा धुळे येथील रुग्णालयातून आठव्या-दहाव्या दिवशी सुट्टी मिळालेला रुग्ण जीपमधून घरी उतरवला जातो, चौघे मिळून त्यास ओट्यावरून आत नेऊन बाजेवर निजवतात आणि त्या क्षणापासून त्याची चिकित्सा अशा माणसांच्या हाती जाते, की ज्यांनी अर्धांग लुळे पडलेला रुग्ण कसा उठवावा हे कधी पाहिलेलेही नसते. सुट्टीच्या कागदावर गोळ्यांची नावे असतात आणि शेवटी ‘फिजिओथेरपी’ असा एक शब्द असतो. दोन दिवसांनी घरातील कोणीतरी आपल्या चिकित्सालयात वा औषधी दुकानात येऊन म्हणते, “आप्पांच्या अंगावरून वारे गेले आहे, मालिशचे चांगले तेल द्या.” या मागणीस आपण नेमके काय उत्तर द्यावे, एवढाच या लेखाचा प्रपंच आहे.

तत्पूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तोंड वाकडे होणे, एक हात गळून पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अकस्मात घडले व आपणांस प्रथम बोलावणे आले, तर त्या वेळी आपले औषध एकच : १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका. मेंदूच्या वाहिनीत गुठळी असल्यास ती विरघळविणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही सी.टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यावरच. चोपडा, यावल, साक्री वा शिरपूर तालुक्यांतील दूरच्या गावातून निघालेल्या रुग्णाचे यांपैकी दोन तास रस्त्यातच जातात. उरलेले तास कबुतराचे रक्त चोळण्यात, नाकात तेल सोडण्यात वा उतारा टाकण्यात जाऊ नयेत. तो वेळ वाचविणे गावातील वैद्याच्या हाती असते, कारण गावकरी प्रथम त्यासच विचारतात. सुरुवातीची वेळ नक्की कोणती, म्हणजे रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. पुढील सर्व निर्णय त्या एका ओळीवर अवलंबून असतात.

या व्याधीचे ग्रामीण महाराष्ट्रातील ओझे किती आहे, याचा विश्वसनीय पुरावा आपल्या खान्देशातून नव्हे, तर गडचिरोलीतून मिळतो. ‘सर्च’ संस्थेने तेथील ८६ गावांत झालेल्या मृत्यूंचा अभ्यास करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्व मृत्यूंपैकी १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाले होते, आणि इतर कोणत्याही एका कारणापेक्षा हे प्रमाण अधिक होते. हिवताप आणि कुपोषण यांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील हे चित्र आहे. यांतील बहुसंख्य मृत्यू घरीच झाले होते, ही बाब आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. याचा अर्थ असा की या रोगाची खरी रणभूमी घर हीच आहे.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पाचव्या अध्यायात पक्षाघाताचा उपक्रम सांगताना कोणता रुग्ण हाती घ्यावा हे आरंभीच सांगितले आहे. ज्याचे गात्र म्लान झालेले नाही, ज्यास वेदना जाणवते, जो मनाने खंबीर आहे आणि जो उपकरणवान आहे, म्हणजे ज्याच्यापाशी साधने व माणसे आहेत, तो. पुढे मृदू शोधन, अनुवासन, आस्थापन, शिरोबस्ती, उपनाह इत्यादी क्रम सांगून हा मार्ग आळस न करता तीन ते चार महिने चालवावा असा त्यांचा आदेश आहे. आधुनिक पुनर्वसनशास्त्रही हालचालीतील बहुतांश सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते असे मानते. दोन्ही शास्त्रांची निरीक्षणे येथे इतकी जवळ येतात, की या कालावधीचा एकही आठवडा वाया घालविण्याचा अधिकार आपणांस नाही. तथापि आमचा अनुभव असा, की आपण या अध्यायातील तेलांची नावे पाठ करतो आणि ‘उपकरणवान’ हा शब्द वाचून पुढे जातो.

चतुष्पादांतील तिसरा पाद

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत. उपस्थात्याचे गुण चार : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. आपल्या भागातील घरांत अनुरागाची उणीव क्वचितच आढळते. पत्नी, सून, लेक, धाकटा भाऊ रात्र-रात्र जागतात. उणीव असते ती उपचारज्ञतेची. प्रेम आहे परंतु ज्ञान नाही, अशा स्थितीत प्रेमच अपाय करते : काखेत हात घालून रुग्णास ओढून बसविले जाते, तोंडात बळेच घास कोंबला जातो, ‘नसा मोकळ्या व्हाव्यात’ म्हणून चटके बसेपर्यंत शेक दिला जातो. वैद्याने शिकविले नाही, तर हे कोण शिकविणार?

येथे एक प्रामाणिक नोंद करणे आवश्यक आहे. घरच्या माणसास शिकविले की रुग्ण हमखास सुधारतो, असे मानावयास सध्या आधार नाही. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेला ‘अटेंड’ नावाचा अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका गटातील रुग्णांच्या नातलगास रुग्णालयातच पुनर्वसनाचे शिक्षण देऊन पुढे दोन महिन्यांपर्यंत घरी जाऊन मार्गदर्शन केले. दुसऱ्या गटास नेहमीचीच सेवा मिळाली. सहा महिन्यांनी मृत वा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, म्हणजे ४७ टक्के होते. हा निष्कर्ष निराशाजनक आहे, आणि तो डोळ्यांआड करून ‘घरचे व्यायाम म्हणजे रामबाण’ असे सांगणे योग्य नव्हे. तथापि त्यातून शिक्षण निरर्थक ठरते असे आम्ही मानत नाही. त्या अभ्यासाने मोजले ते मृत्यू व परावलंबन. चटके, निखळलेला खांदा वा शय्याव्रण हे त्याचे मुख्य मोजमाप नव्हते. आमच्या मते उपस्थात्याच्या शिक्षणाचे पहिले प्रयोजन अपाय टाळणे हे आहे. गेलेली शक्ती किती परत येईल हे मुख्यतः मेंदूला झालेल्या इजेवर ठरते, परंतु उरलेली शक्ती अज्ञानाने गमावू न देणे आपल्या हाती आहे.

घाईनेही अपाय होतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अव्हर्ट’ या २१०४ रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या २४ तासांतच वारंवार व जोराने उठवून चालविण्यास आरंभ केलेल्या गटात चांगली सुधारणा झालेल्यांचे प्रमाण ४६ टक्के, तर नेहमीच्या गतीने घेतलेल्या गटात ५० टक्के आढळले. ‘लवकर उठवा’ हे खरे, परंतु किती लवकर यासही मात्रा आहे.

गिळणे : काढा देण्यापूर्वीची परीक्षा

आमच्या मते सर्वांत अधिक दुर्लक्षित विषय हाच आहे, म्हणून त्याविषयी विस्ताराने लिहितो. पक्षाघातानंतर पुष्कळ रुग्णांची गिळण्याची क्रिया बिघडलेली असते. काहींना ठसका लागतो व ते लक्षात येते. परंतु काहींच्या श्वासमार्गात अन्नपाणी ठसक्याविनाच शिरते. पाच-सहा दिवसांनी ताप, कफ व दम लागून रुग्ण फुप्फुसदाहाने दगावतो आणि घरी ‘थंडी बाधली’ असे म्हटले जाते. पक्षाघातानंतरच्या आठवड्यांतील मृत्यूंत याचा मोठा वाटा असतो.

आपल्या चिकित्सेत मुखावाटे देण्याची द्रव्ये पुष्कळ व त्यांतील अनेक नेमकी धोक्याची आहेत. काढा पाण्यासारखा पातळ असतो, आणि अशा रुग्णास घट्टापेक्षा पातळ पदार्थ सांभाळणे अधिक कठीण जाते. कोरडे चूर्ण जिभेवर टाकून वर पाणी देणे तर सर्वस्वी वर्ज्य समजावे. पडलेल्या रुग्णाच्या तोंडात चमच्याने घृत सोडणे, गंडूष, कवल, नस्य हे सर्व उपक्रम गिळण्याची खात्री होईपर्यंत बाजूस ठेवावेत. तेल वा तूप फुप्फुसात गेले, तर ते सहजी बाहेर येत नाही.

परीक्षा सोपी आहे. रुग्ण पूर्ण जागा असावा व पाठीशी आधार देऊन ताठ बसविलेला असावा. एक चमचा पाणी द्यावे. कंठमणी वर उचलला जातो का, हे कंठावर हलके बोट ठेवून पाहावे. नंतर त्यास ‘आ’ म्हणावयास सांगावे. आवाज ओलसर, गुळगुळ असा आला, ठसका लागला, किंवा ओठाच्या कोपऱ्यातून पाणी ओघळले, तर तेथेच थांबावे. असे तीन चमचे निर्धोकपणे गेले तरच पुढे घोट द्यावा. ठसका न लागताही श्वासमार्गात पाणी जाऊ शकते, म्हणून ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या रुग्णासही दोन-तीन आठवडे ताप व श्वास यांवर लक्ष ठेवावे. परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या रुग्णास मुखावाटे काहीही न देता परत रुग्णालयात धाडावे. काही दिवस नाकातील नळीने अन्न देणे हा कमीपणा नव्हे. त्या नळीतून गुग्गुळाच्या गोळ्या कुटून घालण्याचा प्रकार मात्र टाळावा. नळी तुंबते आणि ती बदलण्यासाठी पुन्हा तालुक्याची वारी घडते.

आहाराविषयी घरच्यांना सांगताना ‘मऊ अन्न द्या’ एवढे म्हणणे अपुरे आहे. आपल्याकडील भाकरीचा चुरा, बट्टीचा भुगा, फरसाण, शेंगदाण्याची चटणी हे सर्व तोंडात विखुरतात व घशाशी चिकटतात. कुस्करलेले केळे, घट्ट शिजविलेले मुगाचे वरण, मऊ खिचडी, लापशी हे एकसंध गोळा होऊन खाली उतरतात. रावेर-यावलच्या केळ्याचा याहून सोपा उपयोग आम्हांस ठाऊक नाही. दुधाशी त्याचा संयोग करण्याचे कारण नाही, नुसते कुस्करून द्यावे (मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा ठरवूनच). घास लहान असावा, निरोगी बाजूने द्यावा, गिळताना हनुवटी छातीकडे झुकवावी, आणि लुळ्या गालात अन्न साठले आहे का हे प्रत्येक जेवणानंतर बोटास ओले फडके गुंडाळून पाहावे. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. शौच या गुणाचा अर्थ येथे मुखशौच असाच घ्यावा, कारण अस्वच्छ मुखातील लाळ फुप्फुसात गेली तर ती अन्नापेक्षाही घातक ठरते.

अभ्यंग व स्वेदन

या व्याधीत स्नेहयुक्त स्वेदन व विरेचन यांस ग्रंथकारांनी अग्रस्थान दिले आहे. बलातैल, क्षीरबला, महामाष, दशमूलसिद्ध तैल यांच्या निवडीविषयी प्रत्येक वैद्याचा आपला पाठ असतो, त्यात आम्ही पडत नाही. खान्देशात उडदाचे सेवन मूळचेच आहे आणि कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद नांदतोच, म्हणून ‘माष’ हा शब्द काढला की घरच्यांचा विश्वास लगेच बसतो. परंतु त्याच विश्वासाने गिळता न येणाऱ्या, अग्नी मंद असलेल्या आणि हालचाल बंद झालेल्या रुग्णास उडदाचे जड पदार्थ खाऊ घातले जातात. तेलात माष असणे वेगळे आणि पोटात असणे वेगळे, हे सांगावे लागते.

अभ्यंग कोणते तेल याहून तो कोणी, कसा केला यास महत्त्व अधिक. पहिली गोष्ट खांद्याची. पक्षाघातात खांद्याच्या सांध्यास धरून ठेवणारे स्नायू शिथिल होतात व केवळ हाताच्या भारानेच सांधा खाली सरकतो. अशा हातास धरून रुग्णास उठविणे, मालिश करताना हात डोक्यावर ताणणे, किंवा कप्पीला दोरी बांधून तो हात वर ओढविणे यांमुळे खांद्यात जी वेदना निर्माण होते ती पुढे महिनोन्महिने व्यायामास आडवी येते. हात नेहमी कोपर व तळवा या दोन ठिकाणी आधार देऊन उचलावा. बसलेल्या रुग्णाचा हात मांडीवर ठेवलेल्या उशीवर असावा, लोंबकळत नसावा. उठविताना कमरेस गुंडाळलेला धोतराचा वा साडीचा पट्टा धरावा, काख धरू नये.

दुसरी गोष्ट स्पर्शज्ञानाची. ज्या बाजूस वारे गेले त्या बाजूस उष्ण-शीत कळतेच असे नाही. आम्ही पाहिलेल्या एका रुग्णाच्या पोटरीवर शेजाऱ्याने भट्टीतील वाळूच्या पुरचुंडीने शेक दिल्यामुळे तळहाताएवढा फोड आला होता. रुग्णाने हूं की चूं केले नाही, कारण त्यास काही कळलेच नव्हते. तो मधुमेही असल्याने जखम भरण्यास दोन महिने लागले आणि तेवढे दिवस चालण्याचा सराव बंद पडला. म्हणून शेकाची उष्णता रुग्णाच्या निरोगी हातावर वा उपस्थात्याच्या मनगटावर आधी पाहावी, शेकाची वस्तू एका जागी ठेवून देऊ नये, आणि दर दोन-तीन मिनिटांनी त्वचेचा रंग पाहावा. पिंडस्वेद, नाडीस्वेद यांपैकी काहीही घरी करावयाचे असल्यास प्रथम आपल्यासमोर एकदा करवून घ्यावे. चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत सर्वांग स्वेदनाचा आग्रह कशासाठी? त्या काळात आम्ही केवळ अभ्यंगावर भर देतो आणि पाणी पुरेसे जाते की नाही हे मोजावयास सांगतो.

पुढील स्थितींत अभ्यंग-स्वेदन करू नयेच : ताप, रक्तदाब काबूत नसणे, आणि एकाच पायाच्या पोटरीस सूज, उष्णता व दुखरेपणा. या शेवटच्या लक्षणांत खोल शिरेत गुठळी असण्याचा संभव असतो व ती चोळण्याने सुटून फुप्फुसात जाऊ शकते. दूरध्वनीवरून ‘पाय सुजला आहे, कोणते तेल लावू’ असे विचारणाऱ्यास तेलाचे नाव सांगू नये. ज्या रुग्णाच्या मेंदूवरील दाब कमी करण्यासाठी कवटीचे हाड काढून ठेवलेले असते, त्याच्या मस्तकावर शिरोबस्ती, शिरोधारा वा मालिश यांचा विचारही करू नये. अशी शस्त्रक्रिया झाली आहे का, हे सुट्टीच्या कागदावर वाचून घ्यावे. टोपीखाली ते दिसत नाही.

बाज, शौचालय आणि अंगण

सैल सुताच्या बाजेवर निजविलेला रुग्ण मधोमध झोळीत पडल्यासारखा राहतो. त्यास स्वतः कुशीवर वळता येत नाही आणि माकडहाडावर सतत भार येतो. पहिल्या दिवशीच लाकडी पलंग व घट्ट गादी यांची सोय करावयास सांगावे, तेही नसेल तर बाजेवर फळ्या टाकाव्यात. दर दोन तासांनी कूस बदलावी. माकडहाड, टाचा, घोटे, खुबे येथील त्वचा रोज दिवसाच्या उजेडात पाहावी. बोटाने दाबूनही न जाणारी लाली म्हणजे व्रणाचा आरंभ होय. त्या लाल जागेवर मालिश करू नये, तिच्यावरील भार काढावा.

मलावरोध हा वातव्याधीतील नित्याचा सोबती आहे. मृदू अनुलोमन, कोमट पाणी आणि योग्य रुग्णात ६० मिलिलिटरच्या आसपास मात्राबस्ती यांनी काम भागते. बस्ती देण्यापूर्वी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का व शौचावाटे रक्त जाते का, हे विचारावे. परंतु खरी अडचण कधी कधी औषधाची नसतेच. उकिडवे बसता येत नाही व घरात कमोड नाही, म्हणून रुग्ण शौचाची वेळ टाळतो, त्यासाठी जेवण टाळतो, पाणी टाळतो. मध्यभागी भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची ज्या घरात आली, तेथील ‘मलावरोध’ त्याच आठवड्यात सुटल्याचे आम्ही पाहिले आहे. औषधी दुकानदार बंधूंनी अशा खुर्च्या, चार पायांची काठी, मागे पट्टा असलेल्या चपला, जलरोधक चादर ही सामग्री ठेवावी. तेलाच्या चौथ्या बाटलीपेक्षा गिऱ्हाइकास तिचा उपयोग अधिक आहे, आणि विक्रीही प्रामाणिक आहे.

व्यायामाविषयी एवढेच, की हात-पाय दुसऱ्याने हलविण्याने सांधे आखडत नाहीत, परंतु मेंदू शिकतो तो रुग्णाने स्वतः केलेल्या, अर्थपूर्ण व पुनःपुन्हा केलेल्या कामाने. ज्याने जन्मभर शेती केली त्यास रबरी चेंडू दाबावयास दिला तर तो चार दिवसांत कंटाळतो. त्याच्यासमोर कापसाची बोंडे ठेवावीत व लुळ्या हाताने कापूस वेचावयास सांगावे. बाईस शेंगा सोलणे, वाटीतील तुरीचे दाणे दुसऱ्या वाटीत टाकणे, कणकेचा गोळा दाबणे द्यावे. ओट्याच्या कडेवर बसून आधाराने दहा वेळा उठणे-बसणे हा पायासाठी उत्तम व्यायाम आहे. एक जण दुर्बल बाजूस उभा असावा आणि सारवलेली वा ओली जमीन टाळावी. डाव्या अंगाच्या पक्षाघातात काही रुग्णांना डाव्या बाजूचे भानच राहत नाही, ताटातील अर्धी भाजी तशीच राहते. घरच्यांनी याचा राग मानू नये, त्या बाजूस बसून बोलावे व दृष्टी तिकडे वळवावी.

चालू गोळ्या आणि आपली औषधे

खान्देशात काय, सर्वत्रच, आयुर्वेदिक औषध सुरू झाले म्हणजे ‘इंग्रजी गोळ्या’ बंद करावयाच्या असतात अशी एक समजूत आहे. पक्षाघाताच्या रुग्णात ती प्राणघातक आहे. एकदा झटका आलेल्यास दुसऱ्याचा धोका मोठा असतो व दुसरा झटका प्रायः पहिल्याहून अधिक घेऊन जातो. रक्तदाबाची गोळी, गुठळीच्या प्रकारात ॲस्पिरिन वा क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलची गोळी, हृदयाची गती अनियमित असल्यास रक्त पातळ ठेवणारे औषध, यांपैकी काहीही आपल्या सांगण्यावरून बंद होता कामा नये. आम्ही चिठ्ठीवर पहिलीच ओळ ‘आधीच्या गोळ्या चालू ठेवाव्यात’ अशी लिहितो, कारण तोंडी सांगितलेले घरी पोहोचेपर्यंत बदलते.

उलट आपली काही द्रव्ये त्या गोळ्यांशी जुळत नाहीत, याचे भान असावे. ज्येष्ठमध दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो व शरीरातील पोटॅशियम घटते. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या औषधांचे शोषण कमी होते असे आढळले आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत लसूण व गुग्गुळ यांची मोठी मात्रा रक्तस्रावाची भीती वाढविते. सर्पगंधा रक्तदाब उतरविते खरी, परंतु मन खिन्न करते, आणि या रुग्णांचे मन आधीच खचलेले असते. कारस्कराचे योग झटके येणाऱ्या रुग्णास देऊ नयेत, आणि पक्षाघातानंतर झटके येणे दुर्मीळ नाही. एकांगवीर रसात पारद, नाग व ताम्र आहेत. बृहद्वातचिंतामणीत सुवर्ण आहे, म्हणून तो महाग आहे. हे कल्प वैद्याने मात्रा, कालमर्यादा व मूत्रपिंडाची स्थिती पाहून द्यावयाचे आहेत. काउंटरवरून ‘लकव्याच्या गोळ्या’ म्हणून सहा-सहा महिने देण्याचे नव्हेत. पारद, वत्सनाभ, विषमुष्टी ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये आहेत आणि अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना विकणाऱ्यासाठीही आहे.

जाहिरातींविषयी एक शब्द. १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिरात) कायद्याच्या अनुसूचीत पक्षाघाताचा समावेश आहे, म्हणजे हा रोग बरा करण्याची जाहिरात करणे गुन्हा आहे. तरीही एस.टी. स्थानकांच्या भिंतींवर ‘लकवा हमखास बरा’ हे रंगविलेले दिसतेच. तशा भिंतीखाली बसून आपण प्रामाणिक व्यवसाय करीत असू, तर घरच्यांना स्पष्ट सांगावे, की कोणासही हमी देता येत नाही. दूरवरच्या स्थानी सात दिवस मुक्काम करून येण्याची इच्छा असेल, तर श्रद्धेस विरोध करू नये. फक्त पिशवीत गोळ्या आहेत का, वाटेत कूस बदलणारे कोणी आहे का, हे विचारावे.

न बोलणारा रुग्ण

उजव्या अंगाच्या पक्षाघातात अनेकदा वाणी जाते. त्यातही दोन प्रकार आहेत. काहींस शब्द सुचत नाहीत परंतु समोरच्याचे सर्व कळते, काहींस कळणेच अवघड जाते. पहिल्या प्रकारातील रुग्णासमोर घरचे बिनदिक्कत खर्चाचा हिशेब करतात, शेत विकण्याची भाषा करतात, ‘यापेक्षा सुटले असते तर बरे’ असेही बोलून जातात. तो ऐकत असतो. काही वर्षांपूर्वी अमळनेर तालुक्यातील एका शाळामास्तरांच्या घरी आम्ही हे पाहिले. त्यांनी जेवण सोडले होते व घरच्यांना वाटले, की गिळता येत नाही. परीक्षा केली तर गिळणे उत्तम होते. त्यांच्या पत्नीस बाजूस घेऊन विचारले तेव्हा कारण कळले. त्यानंतर व्यवहाराची बोलणी ओसरीवर होऊ लागली, मास्तरांना ‘हो’ व ‘नाही’ यांसाठी पाटीवर दोन खुणा करून दिल्या, आणि चौथ्या दिवशी त्यांनी स्वतः डाव्या हाताने वाटी ओढून घेतली.

पक्षाघातानंतर सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना विषाद जडतो. कारण नसता रडू वा हसू कोसळणे हेही मेंदूच्या इजेचे लक्षण असू शकते. त्यास ‘मन कमजोर झाले’ असे म्हणून सोडू नये. सुश्रुतांचा ‘आत्मवान’ हा शब्द येथे आठवतो. मनोबल हे साध्यासाध्यतेत मोजावयाचे आहे. विषाद गंभीर असल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, धुळ्याचे १९८९ पासून व जळगावचे २०१८ पासून. तेथील सेवा आपल्या रुग्णांस परकी वाटू नये, अशी चिठ्ठी व ओळख आपण देऊ शकतो.

राहिला उपस्थाता. आमच्याकडे येणाऱ्या घरांत ती बहुधा स्त्री असते, आणि तिचे वय, कंबर, मधुमेह यांविषयी कोणी विचारीत नाही. सासऱ्यास दर दोन तासांनी कुशीवर वळविणारी सून रात्री किती वेळा उठते? तिला सकाळी शेतावरही जावयाचे असते का? घरात दुसरा धडधाकट पुरुष असूनही तो केवळ औषधे आणण्यापुरताच आहे का? हे प्रश्न चिकित्सेचेच आहेत. तीन महिन्यांनी तिने हात टेकले की शय्याव्रण येतात, गोळ्या चुकतात, व्यायाम थांबतो. म्हणून आम्ही पहिल्या घरभेटीतच रात्रीच्या पाळ्या घरातील माणसांच्या नावानिशी कागदावर लिहून भिंतीवर लावतो, मुलगा व सून दोघांनाही रुग्ण उठविण्याची रीत करावयास लावतो, आणि रुग्णाचा रक्तदाब मोजून झाला की पट्टा तिच्या दंडास बांधतो. बहुतेक वेळा ती “मला काय झाले आहे?” म्हणून हात मागे घेते. तरी मोजावा. पाळीच्या कागदाची एक प्रत आपल्या नोंदवहीत ठेवावी व पंधरा दिवसांनी पुन्हा जाताना सोबत न्यावी.